मोतीच्या अहवालात ‘ऑक्सासिलिन आर’ आलं, आता घरातल्यांचं काय?

डिचोली तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या मोतीला, सहा वर्षांच्या कुत्र्याला, पोटावर आणि जांघेत वर्षभर पुरळ येतंय, औषधाने दबतंय, पुन्हा येतंय. चौथ्या खेपेला डॉक्टरांनी पू तपासायला पाठवला आणि अहवाल आला तो मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफ जंतूचा. घरात सासऱ्यांना मधुमेह, त्यांच्या पायाला दोन महिने जखम. मुलगी अडीच वर्षांची, मोतीच्या गळ्यात पडून झोपणारी. गोठ्यात दोन संकरित गायी, त्यातल्या एकीच्या एका सडातून महिनाभर अधूनमधून गुठळ्या पडतात. शेजारच्यांचा सल्ला असा की कुत्रा म्हापशाच्या बाजारात नेऊन सोडा. ताई विचारतात: हा रोग माणसाला लागतो का, मोतीला घरात ठेवायचं का, आणि गायीचं दूध प्यायचं का?

ताई, आधी मधल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण ते थांबू शकत नाही. मोतीला सोडू नका. बाजारात सोडलेला कुत्रा बरा होत नाही. त्याची कातडी आणखी बिघडते, तो चार कुत्र्यांत मिसळतो आणि जंतू तुमच्या पडवीतून उठून बाजारात जातो. पाळलेलं जनावर असं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. आणि मोती गेला म्हणून घर जंतूमुक्त होईल असंही नाही, ते का ते पुढे येईलच. घरात राहून त्याच्यावर उपचार होतात. जनावरांचा डॉक्टर म्हणून मी तीसेक वर्षं हेच काम करतो आहे आणि असे कितीतरी कुत्रे घरच्यांच्या हातून बरे झालेले पाहिले आहेत.

आता त्या कागदाकडे वळू. तुम्ही पाठवलेल्या अहवालात जंतूचं नाव ‘स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस’ असं आहे. हे नाव नीट वाचायला हवं, कारण सगळा घोळ इथेच होतो. माणसाच्या नाकात आणि कातडीवर राहणारा, गळवं-केसतुडं करणारा, रुग्णालयांना छळणारा जो स्टॅफ, तो ‘ऑरियस’. कुत्र्याचा आपला स्टॅफ वेगळा, तो हा स्यूडइंटरमीडियस. निरोगी कुत्र्यांच्याही तोंडात, नाकात, गुदद्वाराभोवती तो नांदतो. या जातीची स्वतंत्र ओळख २००५ साली पटली. तोवर आम्ही सगळेच त्याला ‘इंटरमीडियस’ म्हणत होतो. मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या ऑरियसला ‘एमआरएसए’ म्हणतात आणि कुत्र्याच्या या जंतूला ‘एमआरएसपी’. शेवटच्या एका अक्षराचा फरक, पण तुमच्या घरासाठी तो मोठा आहे.

मेथिसिलिन हे औषध आज कुठेच वापरात नाही. १९५९ साली ते आलं, पेनिसिलिनला निर्ढावलेल्या स्टॅफवर उतारा म्हणून, आणि १९६१ साली इंग्लंडमधून त्यालाही न जुमानणाऱ्या स्टॅफची नोंद झाली. दोनच वर्षं! औषध मागे पडलं, नाव राहिलं. प्रयोगशाळेत आता त्याच्या जागी ऑक्सासिलिन किंवा सेफॉक्सिटिन लावून बघतात. कुत्र्याच्या जंतूसाठी सेफॉक्सिटिनची चकती फसवते, तिथे ऑक्सासिलिनच लावायला हवं. तुमच्या अहवालात ‘ऑक्सासिलिन – आर’ आहे (‘आर’ म्हणजे रेझिस्टंट, जंतू त्या औषधाला दाद देत नाही), म्हणजे तपासणाऱ्याला काम कळतं.

या ‘आर’च्या मागे काय आहे तेही समजून घ्या. जंतू आपल्याभोवती भिंत बांधतो. त्या बांधकामाला जे प्रथिन गवंड्यासारखं राबतं, त्याला पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं धरून ठेवतात. भिंत अर्धवट राहते आणि जंतू फुटून मरतो. ‘मेकए’ नावाचं जनुक ज्या स्टॅफकडे आलं, त्याला दुसरा गवंडी मिळाला, आणि या गवंड्याला ती औषधं धरू शकत नाहीत. म्हणून एकट्या ऑक्सासिलिनपुढे ‘आर’ आलं तरी अमॉक्सिसिलिन, क्लॅव्ह जोडलेलं अमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन, सेफ्ट्रायॅक्सोन, सगळी रांग बाद धरायची. तक्त्यात त्यातल्या एखाद्यापुढे ‘एस’, म्हणजे ‘लागू पडतं’, असं छापलेलं दिसलं तरीही. मोतीला पहिल्या तीन वेळा याच रांगेतली औषधं मिळाली, असं तुमच्या चिठ्ठ्यांवरून दिसतं.

या जंतूंना काही जण ‘सुपरबग’ म्हणतात, त्या शब्दाने माणूस घाबरतो आणि कामाचं काही करत नाही. एमआरएसपी साध्या स्यूडइंटरमीडियसपेक्षा जास्त विखारी नसतो. तो कातडी जास्त कुरतडत नाही, जास्त वेगाने पसरत नाही. फक्त आपल्या हातातल्या गोळ्या त्याच्यापुढे निकामी आहेत.

म्हणून मोतीचा उपचार गोळीपासून सुरू करू नका, अंघोळीपासून करा. क्लोरहेक्सिडिनचा कुत्र्यांचा शाम्पू मिळतो, दोन ते चार टक्क्यांचा. केस भिजवून तो लावायचा आणि दहा मिनिटं ठेवायचा. घड्याळ लावून दहा मिनिटं, कारण सगळे इथेच चुकतात. दोन मिनिटांत धुऊन टाकला तर फक्त कुत्र्याला वास चांगला येतो. आठवड्यातून दोन-तीन वेळा. हे औषध बाहेरून इतक्या दाट प्रमाणात लागतं की मेकए जनुकाचा इथे जंतूला काही उपयोग होत नाही. वरवरच्या पुरळाचे कितीतरी कुत्रे एवढ्यावरच तीन-चार आठवड्यांत साफ होतात. सुधारतंय की नाही ते पोटावर बघा: ताज्या पुटकुळ्या थांबतात आणि कडेने पापुद्रा सुटलेली गोल चकंदळं, ज्यांना लोक हमखास नायटा समजतात, आतून बाहेर सुकत जातात. नायटा समजून तुम्ही लावलेलं ते तीन औषधांचं मलम मात्र आजच बंद करा. त्यात स्टेरॉइड असतं.

स्टेरॉइडचा विषय निघालाच आहे, तर आता मूळ दुखण्याकडे येऊ. वर्षभर येऊन-जाऊन असणारं पुरळ हे जवळजवळ कधीच नुसत्या जंतूचं नसतं. खाली काहीतरी असतं: पिसवा, गोचीड, ॲलर्जी, कातडीतले डेमोडेक्सचे किडे, थायरॉइड मंदावणं. आपल्याकडे पावसाचे चार महिने कुत्र्याची कातडी सुकतच नाही, त्यात ॲलर्जीवाला कुत्रा असला की तो खाजवतो, चाटतो, कातडी सोलवटते, आणि इतके दिवस गुण्यागोविंदाने राहणारा जंतू आत शिरतो. मग खाज थांबावी म्हणून इंजेक्शन, पू दिसला म्हणून पाच दिवसांच्या गोळ्या, आठवडाभर बरं, चवथीच्या आसपास पुन्हा तेच. प्रत्येक फेरीत औषधाला मरणारे जंतू मरतात, न मरणारे उरतात आणि रिकामी जागा त्यांना मिळते. मोतीच्या कातडीवर हा जंतू कोणी बाहेरून आणून टाकला असेल किंवा नसेलही. त्याला मोकळं रान मात्र या फेऱ्यांनी करून दिलं. आणि इथे मी माझ्या धंद्यालाही बाजूला ठेवत नाही. पहिल्याच वेळी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं आम्ही बऱ्याचदा देत नाही.

गोव्यात आणखी एक गोष्ट होते. गोचीडतापाची इतकी कुत्री आमच्याकडे येतात की ताप आला, जेवत नाही म्हटलं की रक्त न तपासता डॉक्सीसायक्लिन सुरू होतं. गोचीडतापावर ते चांगलं औषध आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या कुत्र्याला तो नाहीच, त्याच्या कातडीवरचा स्टॅफही ते औषध महिनाभर खातो. तुमच्या अहवालात डॉक्सीसायक्लिनपुढेही ‘आर’ आहे आणि मोतीला ते मागच्या वर्षी दोनदा मिळालं होतं, असं तुम्हीच लिहिलंय.

अंघोळीने भागलं नाही आणि खोल गाठी झाल्या, तर अहवालात ‘एस’ असलेलं औषध तुमचे डॉक्टर विचार करून देतील. एक विनंती मात्र आहे. व्हॅन्कोमायसिन, लिनेझोलिड ही औषधं कोणी सुचवली तर हात जोडून नको म्हणा. आयसीयूतल्या माणसासाठी शेवटची म्हणून ती राखून ठेवलेली आहेत. कुत्र्याच्या पुरळासाठी ती खर्च करायची नाहीत, मालकाची ऐपत असली तरी नाही. नाकात लावायचं म्युपिरोसिनचं मलमही मी कुत्र्याला सहसा देत नाही, त्याच कारणाने.

आता सासऱ्यांकडे येऊ. तुमची खरी काळजी तीच आहे आणि ती रास्त आहे.

कुत्र्याचा स्यूडइंटरमीडियस माणसाला लागतो, पण क्वचित. माणसाची कातडी त्याला फारशी मानवत नाही. कुत्र्यांबरोबर राहणाऱ्यांच्या नाकात तो काही दिवस सापडतो आणि निघूनही जातो. ज्यांना त्याने खरा त्रास दिला अशा नोंदींत बहुधा चावा, उघडी जखम, सायनस किंवा आधीच खालावलेली प्रतिकारशक्ती असते. सासऱ्यांचा मधुमेह आणि पायाची जखम या खात्यात बसते. म्हणून त्यांच्यासाठी नियम कडक ठेवा. जखम चोवीस तास झाकलेली हवी. मोतीला ती चाटू देऊ नका. ‘कुत्र्याच्या जिभेत औषध असतं’ ही आपल्या जुन्या माणसांची समजूत आहे आणि मी एका वाड्यावर आजोबांना मुद्दाम पाय पुढे करताना पाहिलंय. त्या जिभेवर हाच जंतू असतो. पट्टी बदलण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवा. मोतीला अंघोळ घालणारा आणि पट्टी बदलणारा माणूस शक्यतो एकच नसावा. घरात दुसरं कोणी नसेल तर आधी पट्टी करा, मग मोतीची अंघोळ.

आणि हे विसरू नका: सासऱ्यांना बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात किंवा कुठेही दाखवायला न्याल तेव्हा डॉक्टरांना आपणहून सांगा की घरातल्या कुत्र्याला एमआरएसपी निघालाय, आणि अहवालाचा फोटो दाखवा. कारण असं की माणसांच्या प्रयोगशाळेत हा जंतू स्टॅफ ओळखायच्या कोॲग्युलेज नावाच्या चाचणीत ऑरियससारखाच वागतो आणि कधीकधी ऑरियस म्हणून नोंदला जातो. कुत्र्याचं कळलं की ते नीट वेगळं करून बघतात. माणसाचा डॉक्टर आणि जनावराचा डॉक्टर एकमेकांशी बोलत नाहीत, मधला निरोप घरच्यांनाच न्यावा लागतो.

मुलीसाठी एवढंच: मोतीने तोंड चाटायचं नाही, पुरळ बरं होईपर्यंत एका अंथरुणावर झोपायचं नाही, खेळून झालं की हात धुवायचे. मोतीचं अंथरूण आठवड्यातून दोनदा गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका. पावसात ऊन नसेल तर इस्त्री फिरवा. मुलीला मोतीपासून तोडू नका.

आता उलटी बाजू. लोक धरून चालतात की जंतू नेहमी जनावराकडून माणसाकडे येतो. ऑरियसची गोष्ट बऱ्याचदा उलट असते. साधारण चारातल्या एका माणसाच्या नाकात ऑरियस असतोच, त्याला काही न करता. कुत्र्या-मांजरांत जेव्हा एमआरएसए सापडतो, तेव्हा तो बहुतेक वेळा घरातल्या किंवा दवाखान्यातल्या माणसाकडून आलेला असतो. मी हे पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मी ज्या दवाखान्यात काम करत होतो, तिथे एका महिन्यात तीन कुत्र्यांचे टाके उघडले. तिन्ही जखमांत तोच जंतू, तोच नमुना. आम्ही टेबल पुसलं, शस्त्रं पुन्हा उकळली, काही सापडेना. शेवटी केस काढायच्या मशिनचं पातं उघडलं. त्याच्या दातांच्या मागे केस आणि तेलाचा काळपट लगदा बसला होता. शस्त्रक्रियेआधी त्याच पात्याने आम्ही कातडी भादरत होतो आणि प्रत्येक कुत्र्यावर बारीक ओरखडे उमटवून त्यात तो लगदा घासत होतो. दोष कुत्र्यांचा नव्हता, घरच्यांचाही नव्हता. आमच्या हातातला होता. त्या दिवसापासून दर कुत्र्यामागे पातं उघडून धुऊन, जंतुनाशकात बुडवल्याशिवाय मी मशीन लावत नाही.

याच उलट्या वाटेची मोठी गोष्ट हॉलंडमध्ये घडली. २००४ साली तिथल्या एका रुग्णालयात सहा महिन्यांच्या मुलीला शस्त्रक्रियेआधी तपासलं तर तिच्याकडे एमआरएसए निघाला. त्या देशात हा जंतू फार दुर्मीळ, म्हणून माग काढला. आईबाप डुकरं पाळणारे होते, त्यांच्याकडेही निघाला आणि डुकरांतही. तो ‘एसटी ३९८’ नावाचा वाण होता. पुढे २०१२ साली त्याच्या जनुकांची वंशावळ जुळवली तेव्हा कळलं की हा वाण मुळात माणसातला, साध्या औषधांना मरणारा होता. तो माणसाकडून डुकरात गेला, तिथे टेट्रासायक्लिन आणि मेथिसिलिन दोन्हींना निर्ढावला आणि परत माणसात आला. तिथे आज डुकरं पाळणारा माणूस रुग्णालयात भरती होताना त्याला आधी वेगळं ठेवून तपासतात. पण तिथल्या लोकांनी दुसरंही एक काम केलं, ते मला जास्त मोलाचं वाटतं: २००९ नंतर थोड्याच वर्षांत जनावरांमधला प्रतिजैविकांचा वापर त्यांनी निम्म्याहून खाली आणला. डुक्करपालन काही बंद पडलं नाही.

आपल्याकडे २०१९ साली कोलिस्टिन हे प्रतिजैविक मांस-दूध-अंड्यांसाठी पाळलेल्या जनावरांत बंद झालं, ते चांगलंच झालं. पण गोठ्यातली रोजची सवय कायद्याने बदलत नाही, म्हणून आता तुमच्या गायीबद्दल जरा लांबण लावतो.

एका सडातून महिनाभर अधूनमधून गुठळ्या, मध्ये आठ दिवस दूध स्वच्छ, पुन्हा गुठळ्या. ही दगडी, म्हणजे कासेचा दाह, अशी वागली की पहिला संशय ऑरियसवर घ्यायचा. हा जंतू कासेच्या आत बारीक बारीक गाठी करून, काही वेळा पेशींच्या पोटात लपून बसतो. औषध तिथवर पोचत नाही, आणि दुधातही तो रोज सारखा उतरत नाही. म्हणून तीन दिवस इंजेक्शनं दिली की दूध साफ दिसतं, सगळ्यांना वाटतं बरी झाली. मग पुन्हा. सेफ्ट्रायॅक्सोन हल्ली प्रत्येक वाड्यावर मिळतं आणि दुकानदारच डोस सांगतो. जुन्या ऑरियसच्या दगडीवर त्याचा पैसा बहुतेक पाण्यात जातो आणि गोठ्यातले बाकीचे जंतू मात्र त्याला सरावतात. दगडीच्या गायींच्या दुधातला मेथिसिलिनला न मरणारा ऑरियस पहिल्यांदा बेल्जियममध्ये १९७२ साली नोंदला गेला. तोच जनावरातला पहिला एमआरएसए. म्हणजे जनावरांतली ही गोष्ट गोठ्यातच सुरू झालेली आहे, नवीन नाही.

तुमच्या गायीत एमआरएसए आहे असं मी म्हणत नाही. मोतीचा जंतू गायीत गेला असंही समजू नका, त्याची शक्यता अगदी कमी आहे. गायीचं दुखणं गायीचं म्हणून वेगळं तपासा.

ऑरियसची दगडी एका गायीकडून दुसरीकडे जाते ती धार काढणाऱ्याच्या हातातून. मी मागे पेडण्याकडे एका गोठ्यावर पहाटे उभा राहून नुसतं बघत होतो. पाच गायी, एकच फडकं, एकच पाण्याची बादली. धार काढणारे काका अंगठा मुडपून सड ओढत होते आणि प्रत्येक गायीला बसण्याआधी बोटं दुधाच्या भांड्यात बुडवून ओली करत होते. पहिली गाय दगडीची होती. पाचवीपर्यंत जाईतो त्या बोटांनी सगळ्यांना प्रसाद वाटून झाला होता. अंगठा मुडपल्याने सडाच्या टोकाला आतून इजा होते ती निराळीच. काकांना मी क्रम उलटा करायला सांगितला: चांगल्या गायी आधी, दगडीची सगळ्यात शेवटी. पूर्ण मुठीने धार, कोरडे हात, प्रत्येक गायीला वेगळं फडकं किंवा कागद, आणि धार झाली की प्रत्येक सड अर्ध्या टक्क्याच्या आयोडीनच्या द्रावणात बुडवणं. धारेनंतर लगेच वैरण टाकायची, म्हणजे गाय अर्धा तास उभी राहते आणि तेवढ्यात सडाचं तोंड मिटतं. नाहीतर ती ओल्या शेणात बसते आणि उघड्या तोंडातून सगळं आत. सहा महिन्यांत त्या गोठ्यात नवी दगडी आली नाही. इंजेक्शनचा खर्च थांबला हे काकांना जास्त पटलं, आणि मला तेवढं पुरे होतं.

कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप तुम्ही लावताय असं लिहिलंय. लावा. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही तो पसरवलाय आणि सूज उतरायला तो चांगला आहे. माझ्या गोठ्यांवर मीही सांगतो. पण कासेच्या आत गाठी करून बसलेला जुना ऑरियस लेपाने मरेल या भरवशावर सहा महिने काढू नका. अहवालात ऑरियस निघालाच आणि ते एकच सड असेल, तर गाय आटवताना, म्हणजे विण्याआधी तिचं दूध थांबवताना, त्या वेळचं खास औषध सडात भरणं, हा गुण यायचा सगळ्यात चांगला काळ असतो. तरीही नाही हटला तर ते सड कायमचं आटवून तीन सडांवर गाय पाळा. पुष्कळ गायी तीन सडांवर छान दूध देतात.

दूध प्यायचं का? दगडीच्या सडाचं नाही, उकळूनही नाही. दुसऱ्या सडांचं आणि दुसऱ्या गायीचं, उकळी आणून प्या. उकळीने स्टॅफ मरतो, मग तो कुठल्याही औषधाला निर्ढावलेला असो. पण स्टॅफ दुधात वाढताना जे विष सोडतो ते उकळीने जात नाही. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात कच्चं दूध चार-पाच तास बाहेर राहिलं आणि मग उकळलं, तर जंतू मेलेले असतात पण विष तसंच. पिऊन दोन-चार तासांत जोराच्या उलट्या होतात. म्हणून धार काढली की लगेच उकळा किंवा लगेच थंडीत ठेवा. मुलीला धारोष्ण दूध अजिबात देऊ नका, कितीही पौष्टिक सांगितलं तरी.

गायीला इंजेक्शन किंवा सडातली ट्यूब दिलीच, तर बाटलीवर दूध किती दिवस वापरायचं नाही ते लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर आपल्या औषध नियमांप्रमाणे दुधासाठी किमान सात दिवस धरायचे. चारही सडांचं, फक्त औषध दिलेल्या सडाचं नाही, कारण औषध रक्तातून सगळीकडे उतरतं. ते दूध डेअरीत घालू नका, आणि वाया कशाला म्हणून वासरालाही पाजू नका. वासराच्या आतड्यातले जंतू त्याच थोड्या-थोड्या औषधावर निर्ढावतात आणि वर्षभराने तेच शेण तुमच्या गोठ्यात असतं. सात दिवसांचं दूध ओतून देताना पोटात कालवतं, मला ठाऊक आहे. पण ज्या घरात दिवसाला दोन वेळा दूध घातल्यावरच खर्च चालतो, त्या घरानेही हे पाळलेलं मी पाहिलंय.

आता तुमच्या गायीचा नमुना, कारण वाईट नमुन्याचा अहवाल नसलेल्या अहवालापेक्षा वाईट. धारेआधी सड धुऊन पूर्ण कोरडे करा. कापूस स्पिरिटमध्ये बुडवून सडाचं टोक पुसा, कापूस पांढरा निघेपर्यंत, दर वेळी नवा बोळा. पुसताना आधी तुमच्यापासून लांबचे सड, मग जवळचे. नमुना घेताना उलट, आधी जवळचे. म्हणजे पुसलेल्या सडाला बाही लागत नाही. पहिल्या दोन-तीन धारा जमिनीवर सोडू नका, वेगळ्या भांड्यात घेऊन फेकून द्या. निर्जंतुक बाटली तिरकी धरा, तिचं झाकण खाली ठेवू नका, बोटांत उलटं धरून ठेवा. चार-पाच मिलिलिटर दूध पुरे. बाटलीवर गायीचं नाव, कुठलं सड आणि तारीख लिहा, आणि बर्फात घालून त्याच सकाळी तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. गायीला गेल्या दोन आठवड्यांत कुठलंही इंजेक्शन दिलं असेल तर तेही बाटलीबरोबर लिहून द्या. एका नमुन्यात काही नाही आलं तर पंधरा दिवसांनी दुसरा पाठवा, कारण हा जंतू रोज दुधात उतरत नाही.

मोतीचा फोटो चार आठवड्यांनी पाठवा, उजेडात, पोट वर करून. तोवर दर अंघोळीला दहा मिनिटं.